दोन हिसके

२० जानेवारी

पोरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं नाही म्हणून फोडलंस ना? पत्ता मुद्दाम नातीकडून लिहून घेतला. माझं वाकडंतिकडं अक्षर दिसलं असतं तर पत्र होतं तसं केरात गेलं असतं. आत मात्र मीच आहे. तुझी लेक बोबडं बोलायची तेव्हा 'कलक आजी' म्हणायची, ती कडक आजी. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा जोडाक्षरं जिथे मोडलेली दिसतील तिथे तुझी तू जोडून घे.

बातमी अशी आहे की तुझ्या आईचं लग्न आहे.

हवं तर पुन्हा वाच, मी थांबते. माझाही आ असाच वासला होता. परदेशातून तुझ्या भावाचा फोन आला, म्हणाला लग्न ठरलंय. मी म्हटलं, कुणाचं? म्हणाला, आईचं. मी म्हटलं, बाबा, या वयात माणसं मोतीबिंदू काढतात, लग्न नाही काढत. तो हसला नाही. लहानपणीही त्याला विनोद समजावून सांगावा लागायचा.

नवरा तिकडचाच आहे. रंग तिकडचा, भाषा तिकडची. जन्मभर बस चालवली, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. त्याला नवरामुलगा म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हणून मी ड्रायव्हरच म्हणणार. तुझी आई दोन वर्षं त्याच्याकडे कामाला जाते. त्याला आंघोळ घालायची, भरवायचं, गोळ्या द्यायच्या आणि संध्याकाळी परत यायचं. आता परत यायचं नाही, एवढाच फरक.

तिकडे म्हणे मुलीच्या बाजूने सहीला एक माणूस लागतं. तुझी आई अडून बसली, सही करेल तर धुलाईघरातली माझी जोडीदारीणच करेल, नाहीतर मी उभी राहणार नाही. म्हणून तुझ्या भावाने तिकीट पाठवलं. मी म्हटलं, पोस्टाने अंगठा पाठवते, तेवढ्यावर भागव. पण सून म्हणाली, जाऊन या, तेवढाच बदल. बदल तिलाच हवा असणार. पॅसेजमधली माझी खाट काही दिवस भिंतीला उभी करता येईल. जाऊ दे. विमानात कधी बसले नाही, ते बसून होईल. दुसरं काही माझ्या मनात नाही.

तुझं आणि तिचं जे झालं ते मी उगाळत बसत नाही. राहती खोली विकून तिने मुलाला परदेशी धाडलं आणि नवऱ्याकडून परत आलेली तू कडेवर पोर घेऊन रस्त्यावर आलीस. मला आई मेली, असं तू जिन्यात उभी राहून म्हणालीस, ते मी कानांनी ऐकलं. तेव्हा मी तुझ्या बाजूने बोलले म्हणून तिने वर्षभर माझ्याशी अबोला धरला. रोज समोरासमोर उभ्या राहून आम्ही इस्पितळाच्या चादरींच्या घड्या घालत होतो, पण तोंडातून शब्द नाही. अबोला धरूनही घड्या घालता येतात. नंतर मुलाने पोरं सांभाळायला बोलावलं, तशी ती गेली.

तुला बोलावणं आलंय का, ते मला ठाऊक नाही. विचारतही नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. तोंड मिटून बसायची मला सवय नाही, म्हणून लिहिते.

कडक आजी


५ फेब्रुवारी

पोरी,

पोचले. विमानात खिडकी मिळाली नाही. दोन लठ्ठ माणसांच्या मधे इस्त्री झाल्यासारखी सपाट होऊन उतरले. थंडी अशी की नाक जागेवर आहे ना, हे चाचपून बघावं लागतं.

तुझी आई विमानतळावर आली होती. मी तिच्या समोरून निघून गेले, ओळखलीच नाही. आधीच चिमूटभर होती, त्यातली अर्धी राहिली आहे. रडली बिडली नाही. माझ्या शालीचं टोक बोटांत धरून बघितलं आणि म्हणाली, "निळीचा हात जड झालाय तुझा." तेव्हा पटलं की तीच आहे.

तुझ्या भावाचं घर चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकाचा एक कोपरा. तुझ्या आईचा पलंग म्हणजे बैठकीतला सोफा, झोपताना उघडायचा, उठल्यावर मिटायचा. घरातली माणसं टीव्हीसमोरून उठली की मग तिची पाठ टेकते. तिचे कपडे सोफ्यामागे एका पिशवीत असतात. तिथे खुंटी ठोकायची नाही, भिंत भाड्याची आहे. जी पोरं सांभाळायला तिला बोलावलं त्यांना आता मिसरूड फुटलंय. कानात काहीतरी घालून फिरतात. आजीशी बोलायची भाषा त्यांना येत नाही आणि त्यांची हिला येत नाही. पोरं मोठी झाली, आजी उरली.

तुझी वहिनी वाईट नाही, हे लिहायला हवं. मला गरम पाण्याची पिशवी दिली. पण दोघंही कामावर जातात, येतात तेव्हा तोंडं चिंचेसारखी झालेली असतात. त्यात तुझ्या आईचा राहायचा परवाना जूनमध्ये संपतो. मुलाच्या नावावर आता तो वाढवून देत नाहीत, कायदा बदलला म्हणे. नवऱ्याच्या नावावर देतात. तिकडे ड्रायव्हरच्या लेकीला बापाजवळ कायमचं माणूस हवंय. दोन अडचणी एकमेकींना भेटल्या, त्याला हे लोक लग्न म्हणतात.

मी तुझ्या भावाला विचारलं, आईला विचारलंस का? म्हणाला, विचारलं ना मावशी, ती बरं म्हणाली.



सकाळी तिने दांडीवरच्या चादरी काढल्या आणि एक टोक माझ्याकडे फेकलं. न सांगता मी झेललं. तुला माहीत नसेल म्हणून सांगते. धुलाईघरात यंत्रांचा आवाज एवढा असायचा की ओरडलं तरी समोरच्या बाईला ऐकू जायचं नाही. म्हणून आम्ही चादरीतूनच बोलायचो. चादर ताणून धरायची, आपल्या बाजूचं कापड नजरेखालून घालायचं, ठीक असेल तर एक हिसका द्यायचा. मग दोघींनी चालत एकमेकींकडे यायचं आणि कोपऱ्याला कोपरा द्यायचा. डाग दिसला तर दोन हिसके. दोन हिसके आले की समोरचीने विचारायचं नाही, बघायचं नाही, हातातलं टोक सोडून द्यायचं. चादर खाली पडते, परत धुवायला जाते. तुझ्या आईच्या हातून उभ्या जन्मात डागाची चादर घडीत गेली नाही. मुकादम वैतागायचा, म्हणायचा, बाई, एवढासा तर आहे. ही म्हणायची, बरं. आणि दोन हिसके द्यायची. तेव्हापासून तिचं नाव घडी पडलं.

आज सगळ्या चादरींना एकेक हिसका. घर स्वच्छ आहे.

कडक आजी


८ फेब्रुवारी

पोरी,

आज ड्रायव्हरचं घर बघून आले. बैठं घर आहे, गावाच्या टोकाला. शेजारी बस थांबते, म्हणजे त्याला खिडकीतून बघायला बरं. न्हाणीघरात सगळीकडे धरायला दांडे. एक खुर्ची आहे, कळ दाबली की माणसाला उचलून उभं करते. मी बसून बघितलं. मला उभं करून अंगाबाहेर टाकलं तिने.

माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं होतं, चार शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. गोरापान, कान मोठे, हसला की दात नाहीत ते आठवून तोंडावर हात धरतो. त्याला आपल्या भाषेतला एकच शब्द येतो, बस. तुझी आई त्याला दिवसभर म्हणत असते, इथे बस, नीट बस, आता बस झालं. तेवढा त्याने उचलला. मला बघून खुर्चीकडे हात केला आणि म्हणाला, बस. पाणी दिलं तेव्हा म्हणाला, बस. मी तुझ्या आईला म्हटलं, जन्मभर चालवली आणि अजून तोंडातून उतरत नाही. ती हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितली. हसताना तीही तोंडावर हात धरते आता. तिचे दात तर सगळे आहेत.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालंय. तो तिला त्याच्या मेलेल्या बायकोच्या नावाने हाक मारतो. थट्टेने नाही. त्याला खरंच ती बायकोच वाटते, आणि कधी वाटत नाही. वाटत नाही तेव्हा घाबरतो, ही कोण बाई घरात शिरली म्हणून. म्हणून तुझी आई त्या नावाला ओ देते. मी म्हटलं, तुला तुझं नाव नाही का? म्हणाली, "असून कोण हाक मारतंय?" आणि त्याच्या शर्टाचं बटण लावायला गेली.

भिंतीवर त्या बायकोचा मोठा फोटो आहे, लग्नातला. डोक्यावरून पायाशी लोळेल एवढी लांब पांढरी जाळी. ड्रायव्हरच्या लेकीने तीच जाळी खोक्यातून काढून आणली. तुझ्या आईने ती लग्नात घ्यायची, म्हणजे वडील गोंधळणार नाहीत. तुझ्या भावाने हे मला समजावून सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खाली गेला. निदान तेवढा तरी गेला. जाळी ठेवणीत पिवळी पडली होती. तुझ्या आईने ती मागून घेतली, बादलीत भिजत घातली आणि दुपारपर्यंत अशी काढली की ड्रायव्हरची लेक डोळे विस्फारून बघत राहिली. आपल्याच गळ्यातला दोर धुवून चोळून उजळ करून देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

बाकी सगळं ठीक. उद्याचा दिवस मोकळा आहे. तुझा फोन येईल, असं तुझ्या आईला वाटतं, असं मला वाटतं. ती बोलत नाही. भावाचा फोन वाजला की हात पुसते.

कडक आजी


११ फेब्रुवारी

पोरी,

लग्न झालं. छान झालं. सरकारी कचेरीत होतं. नंतर केक होता. तुझ्या आईला पांढरा रंग शोभत होता. मी सही केली. ऊन पडलं होतं.

बाकी काही विशेष नाही.

कडक आजी


१३ फेब्रुवारी

पोरी,

परवाचं पत्र मी पेटीत टाकलं खरं, पण ते अर्धंच होतं. अर्धी धुतलेली चादर न धुतलेलीपेक्षा वाईट, असं आमच्याकडे म्हणायचे, कारण ती स्वच्छ आहे समजून कुणीतरी रोग्याला घालतं. तेव्हा आता पूर्ण सांगते.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. ती शेंगा सोलत होती, मी बसले होते. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुझ्या पॅसेजमधे दुसरी खाट मावेल का गं?"

पोरी, तू माझा पॅसेज बघितला नाहीस. एका बाजूला माझी खाट, पायथ्याशी चपलांचा रॅक, दुसऱ्या बाजूला संडासाचं दार. ते दार अर्धंच उघडतं, माझा जाडा मुलगा आडवा होऊन आत जातो. सून कधी बोलत नाही, पण दार लावताना जो आवाज करते त्यात सगळं असतं. त्या घरात मी खाटेएवढी आहे, खाटेच्या बाहेर नाही. हे सगळं मी तिला सांगू शकले असते. नाही म्हणू शकले असते. भांडू शकले असते, की तुझी खोली असताना तू ती विकलीस. मी यातलं काहीच केलं नाही. मी म्हटलं, "बघू."

आपण बघू कधी म्हणतो ते तुला सांगायला नको. नाही म्हणायला तोंड नसलं की माणूस बघू म्हणतं. मुलगी पसंत नसली की बघू, उसने द्यायचे नसले की बघू. तिनेही जन्मभर ऐकलंय. शेंगेतले दाणे ताटलीत टाकले आणि म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. लांबट खोली, ओळीने खुर्च्या, टेबलावर कापडाची फुलं. त्या फुलांवर धूळ होती, तुझ्या आईने जाता जाता बोटाने पुसली. टेबलामागे चष्मेवाली कारकून बाई. ड्रायव्हर नवा कोट घालून, काठी धरून उभा. त्याच्या बाजूची चार माणसं, आपल्या बाजूची आम्ही तिघंच, तुझ्या वहिनीला सुट्टी मिळाली नाही. ती जाळी तुझ्या आईला वीतभर नाही, चांगली दोन हात लांब झाली. जमिनीवर बुटांचा चिखल होता, म्हणून ड्रायव्हरच्या लेकीने मागचं टोक उचललं आणि माझ्या हातात दिलं. म्हणजे बघ, एका टोकाला ती आणि एका टोकाला मी. कामावर उभ्या होतो तशाच, फक्त तिची पाठ माझ्याकडे.

कारकून बाईने ड्रायव्हरला काहीतरी विचारलं. तो लगेच उत्तरला, मेलेल्या बायकोचं नाव घेऊन. त्याच्या लेकीने दुरुस्त केलं, त्याने पुन्हा म्हटलं. मग बाई तुझ्या आईकडे वळली. तुझ्या भावाने आपल्या भाषेत सांगितलं, "आई, विचारतायत, तुझ्या मर्जीने करतेस ना?"



 मागच्या खुर्चीवरचा माणूस खोकला, खुर्ची करकरली, बाहेर गाडी गेली. आणि तुझ्या आईचा उजवा हात मागे आला. जाळी मुठीत धरली आणि दोन हिसके दिले.

माझी नजर आधी कापडावर गेली. एवढी मी गाढव. डाग कुठे आहे तो शोधायला लागले. टोकापासून तिच्या डोक्यापर्यंत जाळी बघितली, कुठे चिखल उडाला का, कुठे पिवळं राहिलं का. कापड पांढरंशुभ्र होतं. तिनेच तर धुतलं होतं. आणि मग मला कळलं.

मला फक्त टोक सोडायचं होतं, पोरी. बोलायचंही नव्हतं. टोक सोडलं असतं तर तिला कळलं असतं की कुणाला तरी कळलं. ती मागे वळली असती, नाही म्हणाली असती, रडली असती, काय ते झालं असतं. माझ्या हातांना हे ठाऊक आहे, झोपेतसुद्धा दोन हिसक्यांना माझी बोटं उघडतात. त्या दिवशी मी ती आवळून धरली.

कारण डागाची चादर परत पाठवायची तर कपाटात दुसरी असावी लागते. कुठे होती दुसरी? जूनमध्ये परवाना संपला की हिला कुणी न्यायचं? तो सोफा? माझा पॅसेज? मी आदल्या दिवशीच बघू म्हणून बसले होते. ज्या बाईने बघू म्हटलं तिने कुठल्या तोंडाने टोक सोडायचं?

तेवढ्यात ड्रायव्हरला वाटलं ही उभी राहून दमली. खुर्चीकडे हात करून तो मायेने म्हणाला, बस. सगळे हसले. कारकून बाईसुद्धा हसली, शब्द न कळता. त्या हसण्यात तुझ्या आईने हात पुढे घेतला आणि म्हणाली, "बरं."

तुझ्या भावाने कारकून बाईला त्यांच्या भाषेत सांगितलं, हो म्हणते. बरं म्हणजे हो नव्हे. बरं म्हणजे ऐकलं. त्या खोलीत हे कळणारी माणसं आम्ही तिघंच होतो. त्यातल्या एकाने तोंड उघडून खोटं सांगितलं आणि एकीने तोंड मिटून. मग मला टेबलाशी बोलावलं आणि मी सही केली. बाईने विचारलं, हे कुठलं अक्षर? तुझा भाऊ म्हणाला, आमचं.

केक होता, हे खरं. ऊन पडलं होतं, तेही खरं.

कडक आजी


२ मार्च

पोरी,

घरी आले. खाट पुन्हा आडवी झाली. नात विचारते, आजी, तिकडे काय काय बघितलंस? मी म्हटलं, बर्फ.

पाच पत्रांना तुझं उत्तर नाही. मी म्हटलं होतं चालेल, ते आता मागे घेते. चालणार नाही. आणि आधी एक सांगते. छान झालं असं लिही, हे तुझ्या आईचंच सांगणं होतं. केकची ताटली हातात घेऊन माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, पोरीला कळव, छान झालं. म्हणजे मी तुला पत्रं लिहिते हे तिला ठाऊक होतं. मी तिला सांगितलं नव्हतं. माझ्या बोटावरची शाई तिने पाहिली असणार. डाग तिच्या नजरेतून सुटत नाही.

निघायच्या आधी मी तिच्या नव्या घरी गेले होते. सकाळची वेळ. ड्रायव्हर खिडकीशी बसून बस मोजत होता. मला ओळखलं नाही, तरी बस म्हणाला. तुझ्या आईला आता तिथे स्वतःची खोली आहे, हे लिहायला हवं. पलंग आहे, खिडकी आहे, खुंटीसुद्धा आहे. खुंटीवर त्याच्या मेलेल्या बायकोचा घरातला कोट टांगलेला. मी म्हटलं, काढ की तो. म्हणाली, काढला की तो शोधत बसतो. हिची पिशवी पलंगाखाली होती, सोफ्यामागे होती तशीच, तोंड बांधलेली.

 मी विमानाच्या वेळा सांगितल्या. तिने चहा केला. मी म्हटलं, त्या दिवशी कचेरीत. एवढंच म्हटलं. ती उठली, यंत्रातून सुकलेली चादर काढून आणली आणि एक टोक माझ्याकडे फेकलं.

आम्ही चादर ताणली. ड्रायव्हरच्या पलंगावरची होती. तिच्या बाजूला, बरोबर मधे, तळहाताएवढा तपकिरी डाग होता. औषधाचा असेल, नाहीतर आणखी कशाचा. पहिल्या धुण्यात न गेलेला. लांबून मला दिसला, म्हणजे तिला न दिसणं शक्यच नाही. तिने डागाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. राग असता तरी मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. दिवसाअखेरीला मुकादम शेवटचा गठ्ठा आणून टाकायचा, तेव्हा असायची तशी नजर होती.

मी बोटं सैल केली होती. खरं सांगते, या वेळी मी सोडणार होते. तिने नुसती खूण करायची होती.

तिने एक हिसका दिला.

मग ती चालत माझ्याकडे आली आणि कोपऱ्याला कोपरा दिला. डाग आत गेला. पुन्हा एक घडी, पुन्हा एक. कडा अशा जुळवल्या की सुईला वाव नाही. कपाट उघडून तिने ती चादर सगळ्यात वर ठेवली, वरून हात फिरवला आणि म्हणाली, "चल, तुझं विमान चुकेल."

दारात मी सवयीने म्हटलं, येते. ती बरं म्हणाली.

आता कामाचं. तुझी खोली कशी आहे मला माहीत नाही. तुझ्याकडे लेक आहे, नोकरी आहे, वर घरमालक आहे, हे समजतं. तरी विचारते, एक खाट मावेल का? तिला माफ कर असं मी म्हणत नाही. राग खुशाल ठेव. वर्षभर अबोला धरून आम्ही रोज समोरासमोर उभ्या राहिलो, काही मेलो नाही. परतीच्या तिकिटाचं मी माझ्या मुलाशी भांडून बघेन, त्याच्या डोक्यावर बसायला मला अजून येतं. पण तिकीट कुठलं काढायचं, उतरल्यावर तिने कुठल्या दारात जायचं, ते मला कुणीतरी सांगायला हवं. माझं दार अर्धंच उघडतं.

आणि हे सगळं करून ती येईलच असं नाही, तेही लिहून ठेवते. एक हिसका दिल्यावर घडी मोडायची पद्धत आमच्यात नव्हती.

नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही लिही. मी तुला नावं ठेवणार नाही, त्या रांगेत माझा नंबर पहिला आहे. हो असेल तर हो लिही. अक्षर कसंही चालेल, कार्डावर एक शब्द पुरे.

फक्त बघू लिहू नकोस.

कडक आजी